घाई करू नका

चाचाला चहा पिताना बघायला हवं होतं तुम्ही. उकळता चहा समोर आला की आपण फुंकर मारतो, बशीत ओततो, इकडचं तिकडचं बोलतो. हा माणूस कप उचलायचा आणि रिकामा खाली ठेवायचा. मधलं काही दिसायचंच नाही. भाचीच्या लग्नात आम्ही जेवायला मांडी घालतोय तोवर हा हात धुऊन रुमालाला पुसत होता. बोलणं तसंच. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढलेलं. स्कूटरचं तर विचारूच नका. एकदा त्याच्या मागे बसून पनवेलहून आपट्याला गेलो होतो, माझ्या सासुरवाडीला. नदीकाठी उतरलो, तोंडावर पाणी मारलं आणि आधी टोपी डोक्यावर आहे का ते चाचपलं. टोपी नव्हती. ती वाटेत कुठेतरी राहिली.

आणि या माणसाच्या शेडमध्ये समोरच्या भिंतीवर, आल्या माणसाला पहिली दिसेल अशी, सागाची पाटी लावलेली होती: 'घाई करू नका.'

चाचा म्हणजे माझ्या शेजारच्या शेडमधला राउटरवाला. माझ्यापेक्षा वयानं थोडा लहानच, पण सगळं पनवेल त्याला चाचा म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा. कोकणी मुसलमान, अर्धं आयुष्य आखातात सुतारकामाच्या कारखान्यात काढलेलं. परत आला तो सोबत मशीन घेण्याचा नाद घेऊन आला आणि आमच्या वखारींच्या गल्लीत ते मशीन आणून बसवलं.

मला शाळेनं चौथीच्या पुढे काही ठेवलं नाही. तेव्हा हे सीएनसी राउटर मशीन म्हणजे काय, हे मी माझ्या समजुतीनं सांगतो. मोठं टेबल. त्यावर फळी आवळून बसवायची. वरून एक बिट गरगर फिरत येतो आणि कॉम्प्युटरनं दाखवलेल्या वाटेनं लाकूड कोरत जातो. वाट कॉम्प्युटर दाखवतो, पण दोन गोष्टी माणसानंच ठरवायच्या. बिट पुढे किती वेगानं सरकवायचा, त्याला म्हणतात फीड. आणि एका फेरीत किती खोल जायचं. झालं. सगळी विद्या या दोन गोष्टींत. आणि या दोन गोष्टी ठरवायला हा चहा एका घोटात पिणारा माणूस अर्धा दिवस लावायचा.

मशीनला तो 'मॅडम' म्हणायचा. काम आलं की आधी त्याच फळीचा उरलेला तुकडा घ्यायचा आणि त्यात एक छोटी चर मारायची. निघालेला कीस तळहातावर घ्यायचा. बोटांनी चोळायचा, वास घ्यायचा. मग तो कीस माझ्या हातावर ओतायचा. चहावाला आला तर त्याच्याही हातावर.

"पीठ हाय का कीस हाय, सांग."

"कीस हाय."

"नाय, जरा पीठ हाय. बिट घासतोय, कापत नाय. परत."

परत चर. परत कीस. तुकडा संपून जायचा, मग दुसरा तुकडा. त्याचं म्हणणं असं, की बिटानं लाकडाचा घास घेतला पाहिजे, लाकूड चाटायचं नाही. चाटलं की लाकूड तापतं, करपतं, बिटाची धार जाते. पण घास मोठा घेतला तर बिट मोडतो. म्हणून खोली ठेवायची पोळीच्या पापुद्र्याएवढी आणि फेऱ्या मारायच्या भरपूर. मी माझ्या रंध्यावर एक अख्खी फळी साफ करून, विडी ओढून, परत येऊन बघावं तर मॅडम आपली त्याच फुलाच्या त्याच पाकळीवर.

"चाचा, तुझी जीभ हजाराच्या फीडनं चालते आणि मशीन मुंगीच्या," मी म्हणायचो.

"मिस्त्री, जिभेनं काय मोडतंय?"

"गिऱ्हाईक मोडतं."

"गप. ती बोलते, ऐकू दे."

मशीन चालू असताना तो एक पंजा टेबलावर ठेवून कान देऊन उभा राहायचा. तेवढ्या वेळापुरता त्याचा तोंडाचा पट्टा बंद. आम्हा सगळ्यांनाही गप बसवायचा. भंगारवाला ओरडत गल्लीत आला की हा बाहेर धावत जाऊन त्याला हात जोडायचा.

"काय बोलते रे ती?" एकदा मी विचारलं.

"म्हणते, मिस्त्री लय बोलतो."

ही भीती त्याला आखातातून लागलेली. तिथे कुणीतरी घाईत खोल कट लावला, फळी नीट आवळलेली नव्हती, आणि दरवाजा टेबलावरून उडाला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दरवाजा टेबलाखाली पडला होता. पुढच्या वर्षी तो भिंतीपर्यंत गेला. मग खिडकीतून बाहेर. शेवटी शेवटी तर तो दरवाजा वाळवंटात जाऊन पडायचा आणि उंट बिचकून पळायचे. मी कधी टोकलं नाही. चांगली गोष्ट होती, वाढत होती, वाढू द्यावी.

एमडीएफ त्याला आवडायचं नाही. उलव्याच्या बिल्डरांची कामं आली की तोच माल यायचा. तो म्हणायचा, "याला लाकूड बोलू नको. भुशाचं बिस्किट हाय हे. चहात बुडव, संपलं." पण करायचा. पोटाला लागतं.

आता चाचाला सगळं कळत होतं असं मात्र समजू नका. एकदा खारघरच्या एका बाईंनी टीपॉयसाठी बाभळीची जाड फळी आणून दिली. बाभूळ कडक. चाचा घाबरला. त्यानं फीड कमी केला. मग अजून कमी केला. मी दारात उभा राहून म्हटलं, "अजून जरा कमी कर, म्हणजे उद्या मागे जाईल." त्याला राग आला. माझ्याकडे बघत बघत त्यानं अजून कमी केला. मॅडम किंचाळायला लागल्या. जरा वेळानं धूर. गल्लीतली माणसं गोळा झाली, वखारवाला पाण्याची बादली घेऊन आला. आग लागली नाही, पण नक्षीच्या कडा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या काळ्या झाल्या.

तेवढ्यात त्या बाई आल्या. चाचाच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, गेला बिचारा. पण याची जीभ मशीनच्या आधी सुटली.

"मॅडम, हे खास तुमच्यासाठी. अँटिक फिनिश. तिकडे आखातात मोठ्या मोठ्या शेखांच्या घरात हेच चालतं."

बाईंनी बोट फिरवलं, फोटो काढले आणि खूश होऊन गेल्या. खरी गंमत पुढे. आठवड्यात त्यांनी मैत्रिणीसाठी तसाच दुसरा सांगितला. आणि चाचाला काही केल्या तसं करपवता येईना! एकदा नुसतंच पिवळं झालं, एकदा कोळसा झाला. मी माझ्या शेडमध्ये बसून हसत होतो. चार बिट घालवल्यावर त्यानं गुपचूप गॅसवर पळी तापवली आणि कडा डागल्या.

पण त्या बाभळीतून तो एक गोष्ट शिकला, ती पुढे माझ्याच कामाला आली.

आता पालखीचं सांगतो.

आमच्या गावच्या देवीची पालखी आहे. तिच्या पुढच्या बाजूला कोरीव दर्शनी पट्टी असते, मधे कमळ, दोन बाजूंना मोर. ती पट्टी जुनी झाली की नवी करायचा मान आमच्या घराचा. माझ्या बापानं एक केली, त्याच्या आधी आजानं. नवी पट्टी देवीसमोर ठेवली की गुरव सगळ्या गावासमोर विचारतो, "कुणाच्या हातची?" सुतारानं आपलं नाव सांगायचं. ज्याचं नाव, त्याचा पहिला खांदा. देवीसमोर खोटं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

बापाच्या पट्टीला वाळवी लागली आणि नेमक्या त्याच वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला.

मी कुणाला बोललो नाही. घरी नाही, गावात तर नाहीच. रंधा चालायचा, करवत चालायची, त्यात जोर लागतो, थरथर दडते. पण कोरीवकाम म्हणजे पटाशीचं टोक केसाएवढ्या रेघेवर ठेवायचं. ते रेघेच्या या बाजूला, त्या बाजूला, डासासारखं. दोन तुकडे वाया घालवले आणि चुलीत टाकले.

चाचालाही सांगितलं नाही. पण एक दिवस त्याच्याकडे चहा पिताना माझा कप बशीवर खडखडला. त्या दिवसापासून त्याच्याकडे मला चहा बशीशिवाय आणि अर्धाच कप मिळायला लागला. मला वाटलं, म्हातारा चिक्कू झाला. मी तसं तोंडावर म्हणालोही. तो म्हणाला, "साखर वाढली असेल तुझी, कमी पी."

शेवटी मी शिवणीची फळी उचलली. आपटा गावी सासऱ्याच्या परसातलं झाड होतं, फळी पालखीसाठीच म्हणून मी कितीतरी वर्षं माळ्यावर सुकत ठेवलेली. तेवढी रुंद दुसरी नव्हती, आता मिळणारही नाही. ती चाचाच्या टेबलावर आपटली.

"माझ्याकडे कामं लय हायत. येळ नाय. तू काढून दे."

चाचानं फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

"देवीचं हाय?"

"हाय."

"मग तू इथंच बसायचं. उठायचं नाय. मला टोमणे लागतात, त्याशिवाय काम होत नाय."

बापाच्या पट्टीचे फोटो काढून, कॉम्प्युटरवर रेघा ओढून, त्यानं सगळं बसवलं. मग त्याचे सोपस्कार. चर, कीस, चोळणं, वास. शिवण मऊ लाकूड, त्याला वेगानं घेतलं नाही तर तंतू उभे राहतात, गोधडीसारखं दिसतं. म्हणून त्यानं फीड वाढवला. मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यानं आपण होऊन फीड वाढवला. खोली मात्र पापुद्र्याएवढीच.

"खोल घे की! पालखी निघायची हाय यंदा, माझ्या नातवाच्या लग्नात नाय."

"तू पटाशी एका घावात किती खोल घालतोस?"

"मी? मी पातळ सोलतो. तुकडा उडला तर?"

"हां. मग गप बस."

मोर निघाले. एकाची मान, दुसऱ्याचा पिसारा. मग मॅडम कमळाकडे वळल्या आणि आवाज बदलला. मलाही कळलं. गुणगुण होती, तिचा खरखराट झाला. टेबलाला हादरा. फळीच्या पोटात गाठ होती, बरोबर कमळाच्या मधोमध. वरून दिसत नव्हती. मी, लाकडाच्या अंगावरून हात फिरवून आतलं सांगणारा, मला माळ्यावर इतकी वर्षं ती कळली नव्हती.

करपल्याचा बारीक वास आला. आणि मी, ज्यानं आयुष्यभर त्याच्या हळूपणावर तोंडसुख घेतलं, तो मी उभा राहून ओरडलो, "हळू कर! चाचा, फीड कमी कर, हळू!"

त्यानं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं.

"हळू केलं तर जळेल," तो म्हणाला. "बाभूळ विसरलास? गाठीत हळू जायचं नाय. गाठीत उथळ जायचं."

"वेगात गेलास तर गाठ उचकटून येईल. एकच फळी हाय माझी."

"ठावं हाय मला."

त्यानं नवा बिट लावला, कोरी धार. खोली आणखी कमी केली, पापुद्र्याचाही पापुद्रा. फीड होता तेवढाच ठेवला. मग टेबलावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. मी देवीला काय काय बोललो ते सांगत नाही. बिट गाठीवरून नुसता सरकत गेला, काही कापतोय असं वाटेचना. तसाच परत आला. परत गेला. गाठीतून कीस निघत होता, बारीक, काळपट तांबडा, पण कीस. पीठ नव्हे. चाचानं तो चिमटीत धरला आणि माझ्या तळहातावर ठेवला. माझा हात हलत होता, कीस हातावर नाचत होता. त्यानं माझी मूठ वरून बंद केली.

"ठेव. प्रसाद हाय," म्हणाला.

कमळ निघालं. गाठीमुळे मधला भाग गडद, जणू मुद्दाम रंगवलेला. बापाच्या पट्टीत असं नव्हतं.

मी पट्टी उचलायला गेलो तर चाचा म्हणाला, "थांब. काम झालं नाय."

"आता काय?"

"कोपरे बघ. पाकळीच्या आतले, पिसाऱ्याच्या आतले. बिट गोल हाय, कोपरा गोलच काढणार. मशीनला कोपरा येत नाय. तो तुला काढावा लागेल, पटाशीनं."

मी बोट घातलं. खरंच, आतले सगळे कोपरे गोल, बोथट. बापाच्या पट्टीत एकेक कोपरा काट्यासारखा होता.

"मला येळ नाय, सांगितलं ना तुला."

"मग ने तशीच. देवीला गोल कोपरे चालत असतील तर ने."

मला राग आला. पटाशी मागवली. पहिल्या कोपऱ्यात टोक ठेवलं आणि थांबलो, आता सगळ्या जगाला दिसणार म्हणून. पण बघा, मशीननं दोन बाजूंच्या भिंती आधीच उभ्या करून ठेवल्या होत्या. पटाशी त्या दोन भिंतींच्या मधे जाऊन बसली की तिला इकडे तिकडे जायला जागाच नाही. हात थरथरला तरी टोक थरथरत नव्हतं. हातोड्याचा एक हलका ठोका. कोपरा निघाला. स्वच्छ.

चाचा पट्टी हलू नये म्हणून तिच्यावर दोन्ही हात दाबून समोर बसला. माझी पटाशी त्याच्या बोटांपासून चार बोटांवर. त्याला सगळ्या गोष्टींची भीती, याची नाही. बडबड मात्र चालू: उंट, दरवाजा, शेख. कोपरे संपले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि दरवाजा समुद्र ओलांडून गेला होता.

पालखीच्या दिवशी गावात कुजबुज होतीच. "मशीनवर केली म्हणं." गुरवानं पट्टी देवीसमोर ठेवली. सगळ्यांकडे बघून विचारलं, "कुणाच्या हातची?"

मी म्हटलं, "आई, पोट मशीनचं हाय, ते चाचानं काढलं. कोपरे माझ्या हातचे हायत." आणि माझं नाव सांगितलं.

गुरवानं पट्टीवर वाकून कोपऱ्यात नख घातलं. वर बघितलं. "कोपरे सुताराचेच हायत," म्हणाला. "खांदा घे."

पहिला खांदा मी घेतला. पोरांनी नेहमीसारखी पालखी पळवली, मी पुढे, धापा टाकत. आणि गर्दीतून एक आवाज आला, सगळ्या ढोलांच्या वर:

"अरे फीड कमी करा! पुढे म्हातारा हाय!"

पुढे चाचाच्या मुलानं खारघरला टॉवरमध्ये घर घेतलं आणि बापाला तिकडे यायला लावलं. मशीन विकलं. शेड रिकामी करायला मी गेलो होतो. चाचा नेहमीच्या वेगानं सगळं पोत्यात भरत होता, निम्मं फोडत. शेवटी त्यानं भिंतीवरची पाटी काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू ठेव. तिकडे लिफ्टमध्ये कोण वाचणार?"

मी ती पाटी रोज बघत होतो. रोज. पण हात कधी लावला नव्हता. आता धरली, तर सवयीनं बोट अक्षरात गेलं. 'घा'च्या आतल्या कोपऱ्यात. बोटाला टोचलं. दुसऱ्या अक्षरात घातलं, तिथेही टोचलं. सुईसारखे कोपरे, एकूण एक.

"चाचा, ही पाटी कशावर केलीस?"

"मॅडमवर. पहिलंच काम तिचं."

"आणि कोपरे?"

तो पोत्याचं तोंड बांधत होता. हात थांबला. "टोकाचा बिट येतो एक. कोपऱ्याशी गेला की वर वर उचलत नेतो, कोपरा काट्यासारखा निघतो."

"मग पालखीला का नाय लावलास?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बघितलं, चाचाला बोलायला वेळ लागला. गाठ सुटली, परत बांधली, परत सुटली.

"बोथट झाला होता तेव्हा," म्हणाला.

चाचाकडे बोथट बिट! जो माणूस धार जरा कमी झाली की बिट भंगारात टाकायचा, त्याच्याकडे. मी पाटी काखेत मारली. डोळ्यांत भुसा गेला होता, शेड झाडताना जातोच.

"तरीपण," मी म्हटलं, "मोराच्या मानेला फीड कमीच होता तुझा."

"कमी? कमी होता? अरे तुला काय कळतं रे फीडमधलं, मिस्त्री, चौथी पास तू..."

"चौथी नापास," मी म्हटलं, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थेट रस्त्यापर्यंत.